दोन गाड्या आणि अण्णांचे कान

डिसेंबरची अठरा तारीख होती आणि मी गॅरेजच्या दारात बसून रॉकेलच्या घमेल्यात एका ट्रकची बेअरिंगं धूत होते. बारावी झाली होती, महाडच्या कॉलेजात नाव होतं, पण माझे तास कॉलेजपेक्षा गॅरेजातच जास्त भरत. तारीख लक्षात राहिली, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर अण्णांनी आठ दिवस आधीच त्या आकड्याभोवती ग्रीसच्या बोटाने गोल काढून ठेवला होता. त्या दिवशी लाड साहेब येणार होते. अण्णांनी पहाटेच उठून मोरी घासावी तशी गॅरेजची फरशी घासली होती. आई म्हणाली, "लग्नाच्या टायमालाबी एवढा साबन लावला नव्हता यांनी." अण्णा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, लाजले. मला माहीत होतं की त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, शांताराम मिस्त्री. पोलादपूर सोडून हायवे कशेडी घाटाकडे वळतो तिथे आमचं गॅरेज होतं: वर पत्रे, खाली एक खड्डा, मागे दोन खोल्यांचं घर. आमची बौद्धवाडी थोडी वरच्या अंगाला होती, पण अण्णांना रस्त्याजवळ राहायचं होतं म्हणून आम्ही खाली उतरलो. घाट चढायच्या आधी ड्रायव्हर ब्रेक दाखवून घेत आणि उतरून आलेले रेडिएटरमध्ये पाणी ओतत. त्यामुळे घरात दिवसभर हॉर्न, ब्रेकचं करकरणं, घणाचे ठोके आणि त्या सगळ्यात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. मला अजूनही पूर्ण शांत खोलीत झोप लागत नाही. आता घाटाखालून बोगदा गेला आहे, गाड्या पोलादपुरात न थांबता जातात, आणि मी महाडला स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवते. तिथेही मी गल्ला रस्त्याकडेच ठेवला आहे.

अण्णांची सगळी विद्या कानात होती. गाडी आली की ते आधी ड्रायव्हरला गप्प करत. मग इंजिन सुरू करायला लावून, हातभर लांबीच्या पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवून, लाकडी मूठ कानाशी धरून उभे राहत. डॉक्टर छाती तपासतो तसंच. टोक इकडून तिकडे सरकवत आणि शेवटी एका जागी थांबून म्हणत, "हितं हाय." मग ती जागा उघडायची. उघडून काही निघालं नाही असं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. लांबलांबचे ट्रकवाले त्यासाठी थांबत. गावातल्या ज्या व्यापाऱ्यांच्या घरी अण्णांना पाणी ओट्यावरच मिळायचं, तेही आपली जीप घेऊन आमच्या दारात येत आणि अण्णांनी मान हलवेपर्यंत श्वास धरून उभे राहत.

तो कान गेला कसा आणि कधी, हे नेमकं सांगता येणार नाही. तीस वर्षं पत्र्याखाली घण मारणाऱ्या माणसाचं जे होतं तेच झालं. आधी आई मागून हाक मारायची ती ऐकू येईना. मग कुकरच्या शिट्ट्या. मग एक दिवस त्यांनी एका टेम्पोचा चांगला गिअरबॉक्स उघडला आणि आवाज मागच्या चाकात निघाला. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहू लागले. तसं ठरवून कोणी काही बोललं नाही. अण्णा पेचकस कानाला लावून उभे राहत आणि मी मडगार्डवर बोटं वाजवत असे. आवाज टकटक असेल तर एका बोटाने, घरघर असेल तर चारही बोटं सरपटवत, आणि वेग जसा असेल तसा. अण्णांचे डोळे माझ्या बोटांवर. मग ते पेचकस सरकवत आणि म्हणत, "हितं हाय." गिऱ्हाइकांना वाटे, मिस्त्रीची पोरगी अर्धवट आहे, गाडीवर तबला वाजवते. एक ड्रायव्हर तर मला "गो तबलजी" म्हणूनच हाक मारायचा. वाटू दे. काम बरोबर होत होतं. आमच्या घरात तीन माणसं होती, तिघांनाही सगळं माहीत होतं, आणि तीन वर्षांत 'बहिरा' हा शब्द कोणी तोंडातून काढला नव्हता.

लाड साहेबांसमोर मात्र ते बाहेर पडायला नको, हे अण्णांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असे. अण्णा सोळाव्या वर्षी मुंबईला गेले तेव्हा साहेबांच्या गॅरेजात लागले. साहेब श्रीमंत घरचे, मोटारी पळवायचा नाद. त्यांनीच अण्णांना पेचकस कानाला लावायला शिकवलं, आणि दोन वर्षांनी सगळ्यांसमोर म्हणाले की आता याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. ते वाक्य अण्णांनी आम्हाला किती वेळा सांगितलं याची गणती नाही. साहेब पोलादपुरात थांबले की हॉटेलात जात नसत, आमच्या घरात पाटावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खात, आणि आईकडे आणखी मागत. बाजारपेठेतले लोक ते रस्त्यावरून बघून जात. आज हे वाचणाऱ्या पोरांना त्यात काय मोठं वाटणार नाही. आम्हाला वाटे.

अकराच्या सुमाराला दोन गाड्या आल्या. पुढे साहेबांची जुनी रेसची गाडी, मागे त्यांच्या मुलीची, मीराताईंची, नवी. गोव्याला जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं. सत्तरी ओलांडलेले साहेब डोळ्यांवर चष्मा आणि डोक्याला चामड्याची टोपी बांधून सव्वाशे मैल उघड्यावर बसून आले होते. जुनी गाडी इंग्रजांच्या काळातली, शेवाळी रंगाची, होडीसारखी अरुंद. दारं नाहीत, काच नावाला, बॉनेटवर चामड्याचा पट्टा पोटावरच्या पट्ट्यासारखा आवळलेला, हँडब्रेक बाहेरच्या बाजूला. सायलेन्सरचा पाइप अंगावरून उघडाच गेलेला, त्याला चुकून पाय लागला तर कातडी जायची. आणि वास. तिच्यात एरंडेलापासून केलेलं ऑइल घालत, त्यामुळे ती आली की गॅरेजभर जळक्या एरंडेलाचा वास सुटे. लहानपणी वर्षातून दोनदा नाक दाबून एरंडेल प्यायलेल्या मला त्या गाडीबद्दल आदर वाटणं जरा कठीणच होतं.

मीराताईंची गाडी लाल, परदेशी, इतकी बुटकी की पोलादपूरच्या गतिरोधकावर ती अडली आणि चार लोकांनी फळ्या टाकून तिला पार केलं. वरून पाहिलं तर एखादं तकतकीत भांडं उपडं घातल्यासारखी. जुनीपेक्षा तिची ताकद पाचपट आहे, असं मीराताई म्हणाल्या, आणि आवाज आमच्या शिलाई मशीनएवढा. अण्णांनी मोठ्या उत्सुकतेने तिचं मागचं झाकण उघडायला लावलं. आत इंजिन दिसलंच नाही, नुसतं काळं प्लास्टिकचं आवरण. अण्णा हातात पेचकस घेऊन उभे राहिले. टेकवायला जागाच नव्हती. मीराताई म्हणाल्या, "शांतारामकाका, हिला काही झालं तर ही स्वतःच सांगते. दिवा लागतो. मग कंपनीवाले कॉम्प्युटर लावतात." मी ते अण्णांकडे तोंड करून पुन्हा म्हटलं. अण्णांनी विचारलं की दिवाच बिघडला तर. मीराताई हसल्या आणि म्हणाल्या, त्याचासुद्धा दिवा आहे. अण्णाही हसले, पण झाकण त्यांनी फार हळू, दोन्ही हातांनी बंद केलं.

जेवणं झाली. आईने भाकरी, सुकट आणि कुळथाची पिठी केली होती. साहेब आणि अण्णा नेहमीसारखे एकमेकांशी ओरडून बोलत होते. आई त्याला प्रेम म्हणायची. मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की उघड्या पाइपाशेजारी बसून उभं आयुष्य रेस खेळलेल्या साहेबांनाही आता कमीच ऐकू येत असावं. मग साहेबांनी टूम काढली की निघण्याआधी शांतारामने गाडी घाटात जरा फिरवून आणावी. अण्णा लगेच हात धुऊन आले. जाताना साहेब अण्णांशेजारी बसले आणि मी मीराताईंच्या गाडीत.

नव्या गाडीत बसणं म्हणजे जवळजवळ झोपणंच होतं. खुर्चीने मला कमरेतून धरून ठेवलं. काचा वर गेल्या, गार वारा सुरू झाला, आणि रस्ता एकदम मुका झाला. समोरून उतरणारे ट्रक, त्यांचे हॉर्न, काही नाही. पुढे पन्नास हातांवर जुनी गाडी वळणं घेत होती. तिचा निळसर धूर दिसत होता, अण्णांचे खांदे हलताना दिसत होते, साहेब हात हलवून काही सांगत होते, पण हे सगळं आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. मीराताईंनी विचारलं, कशी वाटते गाडी. मी छान म्हटलं. माझ्या मनात आलं होतं ते असं, की अण्णांना सगळं जग असंच दिसत असणार. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि ते कसं असतं हे मला त्या गाडीत बसल्यावर कळलं.

पहिल्या मोठ्या वळणावर चहाची टपरी होती, तिथून मागे फिरलो. आता साहेब मुलीच्या गाडीत बसले आणि मी अण्णांशेजारी. जुनी गाडी पत्र्याच्या डब्यात दगड घालून हलवावा तशी हलत होती. इंजिनची धग नडगीला लागत होती, डोळ्यांत वारा, केसांत धूळ. काहीच लपलेलं नव्हतं. गिअरचे दाते, साखळदंडासारखे खडखडणारे ब्रेक, प्रत्येक गोष्टीचा आवाज वेगळा कळत होता. अण्णा खूश होते. मी त्यांना इतकं खूश आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. उतारावर त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, इंजिनचा धडधडाट खाली बसला, आणि तेवढ्यात तो आवाज मला बुडाखालून आला. दबलेला, जड. टक्, टक्, टक्. पाय दाबला की नाहीसा व्हायचा, सोडला की पुन्हा. मी पुढच्या पत्र्यावर एका बोटाने तो वाजवून दाखवला. अण्णांचे डोळे रस्त्यावर होते. वळणावर दुसरीकडे बघून चालणारही नव्हतं. मी मनात म्हटलं, खाली गेल्यावर दाखवू.

खाली आल्यावर साहेबांनी विचारलं, "काय शांताराम, कशी आहे?" अण्णांनी पेचकस घेतला, इंजिनवर टेकवला, मूठ कानाला लावली. मी मडगार्डवर बोट ठेवलं. पण अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, ते साहेबांकडे बघत होते. साहेब बोलत होते. म्हणत होते की त्यांच्याकडे आता अशा सात गाड्या आहेत, त्यांना हात लावणारं मुंबईत कोणी उरलं नाही, नव्या पोरांना कॉम्प्युटर लावल्याशिवाय काही कळत नाही. शांतारामने जानेवारीत मुंबईला यावं. खोली मिळेल, पगार मिळेल, मुलीचं पुढचं शिक्षण तिथे होईल. "मला तुझे हात नकोत, हात पुष्कळ मिळतात. मला तुझा कान पाहिजे." हे ते अगदी जवळ येऊन, मोठ्याने म्हणाले, म्हणून अण्णांना सगळं ऐकू गेलं.

अण्णांनी पेचकस खाली घेतला आणि म्हणाले, "झ्याक हाय गाडी, साहेब."

मी बोलू शकत होते. मी साधी गोष्ट म्हणू शकत होते की खालून टकटक येते आहे, एकदा उघडून बघा. पण ते बोलले असते तर साहेबांनी विचारलं असतं की मग शांतारामला कसं ऐकू आलं नाही. आमच्या बाजूचा धंदा तसाही बसत चालला होता, नव्या गाड्या आमच्याकडे थांबत नव्हत्या. मी तिथल्या तिथे विचार केला. गाडी गोव्यापर्यंत जाईल. परत येताना ती इथेच थांबणार आहे. साहेब जेवायला बसले की अण्णांना सांगून गुपचूप उघडू. माझा हा विचार मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला. मी मडगार्डवरचं बोट उचललं आणि फडक्याला पुसलं.

दोन्ही गाड्या गोव्याच्या वाटेने घाट चढायला निघाल्या आणि तासाभराने लाल गाडी परत आली. एकटीच. मीराताईंनी दार उघडून साहेबांना हात दिला. त्यांच्या टोपीला, गालाला ऑइल लागलं होतं. इजा मात्र कुठे झाली नव्हती. घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे इंजिनमधला पिस्टनचा रॉड तुटून इंजिन फोडून बाहेर आला होता. साहेबांनी रुमालात बांधून आणलेले दोन तुकडे टेबलावर ठेवले. एक रॉडचा आणि एक त्या इंजिनच्या अंगाचा, ज्यासारखं दुसरं इंजिन देशात नव्हतं. अण्णांनी रॉडचा तुकडा हातात घेतला. बेअरिंगचा आतला मऊ धातू झिजून संपला होता आणि कडा निळी पडली होती. अंगठा फिरवल्यावर त्यांना सगळं कळलं. हे आज झालेलं नव्हतं. कित्येक दिवस वाजत असणार. जो कान लावेल त्याला ऐकू येईल असं वाजत असणार.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला काहीच आलं नाही रे कानावर?" अण्णा म्हणाले, "माझी चूक झाली, साहेब." साहेबांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना समजलं. त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला, अर्धाच प्यायले, आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून गाडीत जाऊन बसले. जानेवारीचा विषय त्यांनी काढला नाही आणि अण्णांनीही नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून ट्रक येऊन जुन्या गाडीला घेऊन गेला. ती आता एका मोठ्या हॉटेलच्या दर्शनी भागात दोरी बांधून ठेवलेली आहे, असं मीराताईंनी पुढे कधीतरी फोनवर सांगितलं. रंग नवा काढला आहे, पट्टाही नवा. आत इंजिन नाही. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. साहेब परत कधी पोलादपूरला आले नाहीत. अण्णांनी त्यानंतर सहा वर्षं गॅरेज चालवलं, पण फक्त पंक्चर आणि ऑइल. कोणी इंजिन दाखवायला आणलं की ते हात हलवून महाडचा रस्ता दाखवत. मला लोक विचारतात, तू मेकॅनिक का नाही झालीस, तुला तर येत होतं. मी सांगते, दुकानात उधारी कमी राहते. खरं कारण हे प्रकरण आहे.

त्या अठरा तारखेच्या संध्याकाळी आईने दिवा लावला, ताटं घेतली. अण्णा पाटावर बसले, पण भाकरीला हात लावला नाही. ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज अलीकडे नेहमीच मोठा असे, पण तेव्हा अगदी खाली आला होता.

"सुजे, तुला आला व्हता आवाज?"

मी मान हलवली. आला होता.

"मग बोलली का नाय गो?"

मुंबईची खोली, कॉलेज, साहेबांसमोर त्यांची लाज, हे सगळं सांगायला मोठ्याने बोलावं लागलं असतं. शेवटी आईच बोलली. ती कधी मध्ये पडत नसे. "तिला कशाला इचारता? मी तरी बोलले का? तुमी बोलला का? तिघांनी मिळून दाबलं नि ती गाडी मेली." अण्णांनी तिच्या ओठांकडे बघून अर्धं ओळखलं असेल, अर्धं नसेल. ते उठून हात धुऊन आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पहिल्या एसटीने महाडला घेऊन गेले. कानाचे डॉक्टर दहाला यायचे, आम्ही नऊपासून बाकावर होतो. तिथे तुडील गावच्या एक आजी होत्या, एक मास्तर होते, दोन मुलांना घेऊन आलेली बाई होती. आत टेबलाशी बसलेल्या कंपाउंडरने वही पुढे ओढून नाव विचारलं, मी सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. मग त्याने विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, ऐकू येत नाही. किती दिवस? तीन वर्षं. मग इतके दिवस काय करत होतात, असं तो म्हणाला आणि लिहायला लागला. बाकावरचे सगळे आमच्याकडे बघत होते. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी त्यांच्याबद्दल काय लिहायला सांगितलं ते समजून घ्यायला. मी त्यांच्यासमोर वाकले आणि त्यांना दिसेल असं, एकेक अक्षर सुटं करून, पुन्हा म्हटलं, "अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही."